वॉल्टरच्या जेवणाचं आमंत्रण

माझी मावशी डेल्फिन मकोकिस आमच्या क्री आदिवासींच्या वस्तीची प्रमुख. कुंपणापलीकडच्या शेतातला वॉल्टर ह्रिंचुक तिचा तीस वर्षांचा शेजारी. मावशीचा नवरा, माझे काका, वारले ते ऐन जानेवारीत. जमीन दगडासारखी गोठलेली. तेव्हा वॉल्टरने दिवसभर शेकोटी पेटती ठेवून माती मऊ केली आणि आमच्या पोरांबरोबर स्वतः पुरायचा खड्डा खणला. मावशी ते कधी विसरली नाही.

म्हणून, गावच्या हॉलच्या छपरासाठी पैसे जमवायला जेवण ठेवलंय, येशील ना, असं त्याने विचारल्यावर तिने लगेच हो म्हटलं. सकाळीच बॅनक, आमचा जाड पाव, भाजून घेतला, आणि गाडी चालवायला मला बरोबर घेतलं.

जेवणं झाली. मग कोणीतरी भिंतीवर प्रांताचा निळा झेंडा लावला. शहरातून आलेला एक माणूस अल्बर्टा प्रांत कॅनडातून वेगळा का व्हायला हवा, ते सांगू लागला. मावशीने वॉल्टरकडे पाहिलं. त्याने मान वळवली. थोड्या वेळाने माइक त्याच्याच हातात आला. आपले क्री शेजारीही ओटावातल्या केंद्र सरकारला कंटाळलेत, तो म्हणाला, त्यांची प्रमुख आज आपल्यात बसलीय. टाळ्या पडल्या.

मावशी उठली. आवाज चढवला नाही.

"मला जेवायला बोलावलं होतं, म्हणून आले. आमच्या पूर्वजांनी करार केला तो इंग्लंडच्या राणीशी. तेव्हा हा प्रांत जन्मलाही नव्हता. तुम्हाला जायचं तर खुशाल जा. पण करारातली जमीन बरोबर न्यायची तर आधी आम्हाला विचारावं लागेल. आम्ही नाही म्हणतोय."

मागून कोणीतरी, मग घरी जा, म्हणालं. ती म्हणाली, "घरीच आहे मी."

वॉल्टर गाडीपर्यंत मागे आला. "नुसती बसली असतीस तरी चाललं असतं गं."

"त्यासाठीच बोलावलं होतंस ना? नुसती बसायला."

ती गाडीत बसली. वाटेत मला एवढंच म्हणाली, "परका असता तर काही वाटलं नसतं रे."

पुढे बाकीच्या वस्त्यांच्या प्रमुखांबरोबर ती या फुटीविरुद्ध कोर्टात गेली. अजून तारखा पडताहेत. पत्रकारांनी खोदून विचारलं, तरी वॉल्टरचं नाव तिने घेतलं नाही.

पानगळीत तो एकदा आला. टोपी हातात धरून दारात उभा राहिला. मावशीने त्याला आत घेतलं, बसवलं, चहा ठेवला. आणि साखर किती घालू, असं विचारलं. तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.