पहारा उठला तो दिवस

“मावशी, उद्यापासून मी येणार नाही,” छत्रीवाला दारात येऊन म्हणाला. “साहेब म्हणतात, आता इथं पाळत ठेवण्यासारखं कुणी उरलंच नाही.”

मावशींच्या हातातली सुई थांबली. ऊन असो, पाऊस असो, कंपनीचा हा माणूस वर्षानुवर्षं समोर छत्री घेऊन उभा असायचा. मावशींकडे कोण आलं, कोण गेलं, ते साहेबांना फोनवर कळवायचा. काम होतं चोरून लक्ष ठेवायचं, आणि गल्लीतली पोरं त्याला लांबूनच हाका मारायची!

काय दिवस होते ते! कारखान्याचं काळं पाणी नदीत सोडणारा पाइप बंद करा, म्हणून मावशींनी याच खोलीत कापडी फलक शिवले होते. शिवणयंत्राभोवती बसायला जागा नसायची. शाळेतल्या मास्तरांच्या घोषणा इतक्या लांबलचक, की कापड पुरायचं नाही. “मास्तर, आवरा की! फलक आहे हा, निबंध नव्हे!” मग नुसता हशा. पुढे दारावर दगड आले. निनावी फोन आले, “तुमचा मुलगा कुठल्या रस्त्यानं कामावर जातो, ठाऊक आहे आम्हाला.” मास्तरांनी गाव सोडलं. बाकीचे एकेक करून यायचे थांबले. मुलानंही हात जोडले, “आई, बस झालं आता.” मावशींनी कुणाला दोष दिला नाही, भीती त्यांनाही वाटलीच होती. पण ती भरलेली खोली अजून आठवायची.

“आता निवांत राहा,” छत्रीवाला समजुतीनं म्हणाला. “उद्या दुसरा पाइप सुरू होतोय, तिथंसुद्धा बंदोबस्त नाही ठेवलेला.”

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

नकोसा पहारा उठला, तर मावशींना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो अपमान. आपण जित्याजागत्या असताना यांच्या खिजगणतीतही नाही! त्यांनी शिवायला घेतलेला अभ्रा बाजूला सारला आणि चपला पायात सरकवल्या.

“कुठं निघालात?”

“पाइपाच्या तोंडाशी बसायला.”

“एकट्याच?”

“मग काय वरात काढू?”

“मावशी, मला फोन करावा लागेल हो. पोटाचा प्रश्न आहे.”

“कर की. नाहीतर त्यांना कळणार कसं?”

मावशी गुडघा सांभाळत उताराला लागल्या. मागून त्याचा आवाज ऐकू येत होता.

“साहेब, बाई निघाल्यात नदीकडे... नाही, बरोबर कुणी नाही. एकट्याच आहेत. तरीपण साहेब, माणसं जास्तच पाठवा.”