हायड्रोलिकच्या पोटातला घास

शिवप्पाचा राग तामलवाडीच्या पंचक्रोशीत ठाऊक होता. तो रागानं नुसता खाकरला तरी बाभळीवरचे कावळे उडून जायचे ते थेट नळदुर्गच्या किल्ल्यावर टेकायचे. त्या दिवशी तर म्हणे कावळे सोलापूर ओलांडून गेले.

कारणही तसंच होतं. बाहत्तरचा दुष्काळ सरला होता आणि रान पहिल्यांदाच वाफशावर आलं होतं. मूठभर माती घेतली तर लाडू वळावा, असा वाफसा. पण वर ऊन असं, की दिवस मावळेपर्यंत त्या लाडवाचा धोंडा होणार. सोसायटीचा जुना लाल ट्रॅक्टर शिवप्पा चालवायचा. उन्हाळाभर आणि नंतरही त्यानं ट्रॉलीतून गावाला पाणी वाहिलं, म्हणून पंचांनी पेरणीचा पहिला दिवस त्याला दिला. उद्या ट्रॅक्टर चेअरमन वसंतरावांच्या रानात, मग पुढं रांगेनं गाव. शिवप्पाला हा एकच दिवस.

आणि दुसऱ्याच तासाला, म्हणजे रानाच्या दुसऱ्याच ओळीला, माती उकरणारा दातेरी मोगडा रुतून बसला. मागचे हायड्रोलिकचे दोन लोखंडी हात तो वर उचलीनात. रानाच्या टोकाला, धुऱ्यावर, मोगडा उचलला नाही तर ट्रॅक्टर वळणार कसा?

शिवप्पानं दांडा ओढला. पंप आतून कण्हला. हात वीतभर उठले आणि परत बसले.

"ऊठ की मुडद्या!" शिवप्पा ओरडला. शेजारच्या शेतातली बसलेली म्हैस तेवढी उठली.

तामलवाडीचा मिस्त्री गोरोबा सायकलीवर आला. कान लावून म्हणाला, "पंप गेला. सोलापूरहून आणावा लागंल. आठवडा धर."

"आठवडा? तवर ह्या रानात काय दगडं पेरू?" शिवप्पानं पटका काढून आपटला. "तेलाची पातळी बघितली म्या, बरोबर हाय. सकाळी पहिल्या तासाला उचलला की त्यानं! पंप मेला असता तर कण्हला असता व्हय? त्याला तेलच वढता येईना. उपाशी हाय त्यो!"

धुऱ्यावर भाकरीची दुरडी घेऊन त्याची म्हातारी आई सिद्धम्मा बसली होती. ती पुटपुटली, "उपाशी कसा असंल?"

पण त्या आरडाओरड्यात म्हातारीचं कोण ऐकतं?

तेवढ्यात वसंतराव छत्री घेऊन आले. शिवप्पा तडक त्यांच्या अंगावर गेला. "या चेरमनसाहेब! पेरू दिलं न्हाय शेवटी! कुणाकडनं घाण टाकून घेतली मशिनीत?"

"अरे शिवप्पा, शुद्धीवर आहेस का? उद्या माझंच रान आहे. मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

"तुमचा पाय तुमी बघा! माझ्या रानावर कशाला धोंडा?"

"तोंड सांभाळ! किल्ली काढून घेईन."

"घ्या! किल्ली घ्या, मोगडा घ्या, अन् तुमीच खांद्यावर जू घ्या!"

गोरोबा मधे पडला नसता तर छत्रीच्या काड्या मोजाव्या लागल्या असत्या. शेवटी शिवप्पा शिव्या घालतच ट्रॅक्टरखाली शिरला. खाली हंडा लावून त्यानं तेल सोडलं, झाकणाचे बोल्ट काढले आणि ज्या जाळीतून पंप तेल ओढतो ती जाळी बाहेर काढली.

जाळी पिवळीधमक होती. तिच्यावर लगद्यासारखं काहीतरी चिकटून बसलेलं. गोरोबानं बोटावर घेऊन हुंगलं. परत हुंगलं.

"शिवप्पा," तो हळूच म्हणाला, "ह्याला जायफळाचा वास येतोय."

"म्हंजी?"

"पुरण हाय ह्ये."

वसंतराव छत्री मिटून वाकले. त्या साली अख्ख्या गावात हरभऱ्याची डाळ औषधालाही नव्हती. पोळ्याला फक्त एका घरात पुरण शिजलं होतं. म्हातारीनं दुष्काळभर चिंधीत बांधून ठेवलेल्या डाळीचं. शिवप्पानं सावकाश आईकडं मान वळवली.

"अव्वा!"

सिद्धम्मा उठली. तिच्या रागापुढं लेकाचा राग म्हणजे चुलीपुढची पणती. "व्हय, म्या घातली! वरडतो कुणावर? चाऱ्याच्या छावणीतनं बैलं परस्पर इकून आलास, मला इचारलं व्हतंस? पोळ्याच्या आदल्या दिशी, खांदमळणीच्या सांजेला हातात हळद-लोणी घेऊन म्या मोकळ्या दाव्याकडं बघत बसले. मळू कुणाचे खांदे? दारात ह्योच हुबा. मग ह्याचेच मळले. दुसऱ्या दिशी पोळी भरवली. वरचं झाकण फिरवलं तर तोंड सापडलं. गपागपा खाल्ली की!"

"किती घातल्यास?"

"बैल जोडीनं असतेत. दोगांच्या वाटच्या."

पोळ्यापासून ट्रॅक्टरनं नुसती ट्रॉली ओढलेली, मागचे हात उचलायचं काम पडलंच नव्हतं. दोन बैलांचं पुरण गिअरात दळून आज जाळीवर आलं होतं.

"अव्वा, ते मशीन हाय!" शिवप्पाचा आवाज फाटला.

"मग आमच्या बैलांनी कदी पोळी बाधवून घेतली न्हाय. पोट नाजूक असलेलं जनावर कशाला आणलं सोसायटीनं?"

हा सवाल तिनं थेट चेअरमनलाच टाकला. शिवप्पा वसंतरावांकडं वळून म्हणाला, "धोंड्याचं बोललो ते म्या मागं घेतो."

मग त्यानं जाळी डिझेलात खंगाळली. नवं तेल कुठलं? हंड्यातलंच तेल पटक्यातून गाळून परत ओतलं. पटका हळदीचा झाला. ट्रॅक्टर सुरू केला, दांडा ओढला. पंप जरा कुरकुरला आणि मोगडा मातीतून असा वर आला, की गोरोबा दचकून मागं सरला. कोणी सांगतात, तो आभाळाला टेकला. तेवढं काही खरं नाही.

वाफसा अजून होता. शिवप्पा वर चढला, तर म्हातारी ट्रॅक्टरच्या पाठीवर हात फिरवत उभी.

"अव्वा, झाकणाला पुन्यांदा हात लावायचा न्हाय!"

"मग पेर की नीट," सिद्धम्मा खेकसली. "पिकव, खुट्याला बैल आण. तवर घरचं जनावर म्हणून मी ह्यालाच घास देणार."

शिवप्पानं दातओठ खाल्ले आणि तास धरला.