अठ्ठावन्न मीटर

स्ट्राउट त्या गाडीला "आपली पोरगी" म्हणायचा, आणि वाहान तर्झियानच्या डोक्यात तिडीक जायची.

गाडी मंगळावर होती. सहा चाकं, एक टन वजन, मानेवर दोन कॅमेरे. शाळेतल्या मुलांची स्पर्धा घेऊन तिचं नाव मर्सी ठेवलं होतं. केंडल स्ट्राउट त्या मोहिमेचा प्रमुख. सहा वर्षांत त्यानं तिला वीतभरसुद्धा हलवलेलं नव्हतं. हलवायचा वाहान, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीतली मारिसोल किन्तेरो. हलवायचं म्हणजे काल आलेले फोटो बघायचे, वाळू जोखायची, चढ मोजायचा, उद्या कुठे किती जायचं त्याच्या आज्ञा लिहायच्या, आणि दुपारी त्या वर पाठवून घरी जायचं. एकदा गेलेली आज्ञा परत बोलावता येत नाही. काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळतं.

बाकीची माणसं मर्सीचा वाढदिवस करायची. तिच्या दगड फोडायच्या छिन्नीचं टोक तुटलं तेव्हा स्ट्राउटनं सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं होतं, आणि काहींनी डोळे पुसले होते. मार्चमध्ये वाहानची बायको आर्पी गेली, तेव्हा याच माणसांनी त्याला एक कार्ड दिलं. त्यावर मर्सीचं चित्र होतं आणि तिच्या कॅमेऱ्यातून अश्रू गळत होते. आत लिहिलं होतं, 'मर्सीलाही वाईट वाटतंय.' खाली एकतीस सह्या. वाहाननं ते कार्ड कार्यालयाच्या वाहनतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि वर कॉफीचा कप ओतला.

पुढे त्यानं तिच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसासाठी रजा मागितली. चर्चमध्ये प्रार्थना, मग नातेवाइकांना जेवण. त्यावर स्ट्राउट म्हणाला होता, "दफन झालं ना मागच्या महिन्यात? मग परत काय?"

"परत नाही. चाळिसावा."

"असं का. घे मग. पण फोन चालू ठेव हं. पोरगी आपली चढावर आहे."

एवढ्या एका वाक्यावर तो माणूस वाहानच्या मनातून कायमचा उतरला होता.

आता ऑगस्ट. मर्सी उतरल्याला बुधवारी सहा वर्षं होणार होती. तीस किलोमीटर पुरे व्हायला अठ्ठावन्न मीटर उरले होते, आणि नेमकी त्या अठ्ठावन्न मीटरांत एक उथळ खोलगट जागा होती. फिकट रंगाची, पिठासारखी बारीक वाळू. मंगळवारी सकाळी स्ट्राउट हातात चहाचा मग घेऊन चालकांच्या टेबलाशी आला.

"किती दिवस?"

"चार," वाहान म्हणाला. "तपासणी चालू ठेवून."

ही तपासणी म्हणजे गाडी दर हातभर अंतरावर थांबते, फोटो काढते, आधीच्या फोटोशी ताडून बघते आणि आपण खरंच पुढे आलो का ते ठरवते. फार घसरत असेल तर आपणहून थांबते. वेळ मात्र खूप खाते.

"आणि तपासणी बंद ठेवली तर?"

"तर ती नुसते चाकांचे फेरे मोजेल. जागच्या जागी फिरली तरी तिला वाटेल, चाललेय."

"म्हणजे एका दिवसात होईल."

"चाकांचे फेरे एका दिवसात होतील."

स्ट्राउट हसला. समोरच्याचं कळलं नाही की तो असाच हसायचा. "अरे वाहान, तुला नेहमी वाईटच दिसतं. उद्या राजधानीहून पाहुणे येताहेत, टीव्हीवाले येताहेत. त्यांना काय सांगू, बाईसाहेब वाळूला घाबरल्या?"

"बाईसाहेब नाही. मोटर. उजव्या पुढच्या चाकाची मोटर दोन वर्षं अशक्त आहे."

"तू लिही तर खरं. दुपारी बघू."

तो गेल्यावर मारिसोल म्हणाली, "म्हाताऱ्या, तू दुपारी 'नाही' म्हण. तपासणी बंद ठेवून लिहायला सांगतोय, तर मी लिहिते. तू अडव."

दुपारची रीत अशी, की आज्ञा पाठवण्याआधी प्रत्येक टेबलाला नाव घेऊन विचारायचं, "तयार?" सगळ्यांनी 'तयार' म्हटलं तरच आज्ञा जातात. एकानं जरी 'नाही' म्हटलं तर त्या दिवशी गाडी हलत नाही, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवसापर्यंत कारणसुद्धा विचारायचं नाही. प्रमुखानंही नाही. वाहाननं सहा वर्षांत दोनदा 'नाही' म्हटलं होतं. एकदा तर नुसतं मन धजेना म्हणून. कोणी चकार शब्द काढला नव्हता.

साडेतीन वाजता विचारणा सुरू झाली. वीज, तयार. उष्णता, तयार. कॅमेरे, तयार. स्ट्राउट दाराशी उभा राहून फोनवर टीव्हीवाल्या बाईला सांगत होता की पोरगी उद्या इतिहास घडवणार आहे. वाहान त्याच्याकडे बघत होता. इस्त्रीचा शर्ट, त्यावर मर्सीचा बिल्ला. आणि वाहानला वाटलं, याला अडवायचं कशाला? जाऊ दे. उद्या सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर, हा माणूस काय लायकीचा आहे ते दिसू दे.

"चालक?"

मारिसोल त्याच्याकडे वळली.

"तयार," वाहान म्हणाला.

बुधवारी दहा वाजता आकडे आले. आकडे हलके असतात, म्हणून आधी येतात. फोटो जड. मंगळाभोवती फिरणारं दुसरं यान गाडीच्या डोक्यावर आलं की मग ते येतात. आकड्यांत चाकांचं अंतर होतं एकसष्ट मीटर.

स्ट्राउटनं फोटोंची वाट बघितली नाही. पाहुण्यांना, टीव्हीवाल्यांना, स्वागतकक्षातल्या बाईपर्यंत सगळ्यांना त्यानं एकत्र उभं केलं आणि सांगितलं की मर्सीनं तीस किलोमीटर पार केले. केकवर नारिंगी साखरेचा मंगळ होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण खरोखर रडला. वाहान खुर्चीतून उठला नाही. एवढी शिकलेली माणसं, आणि चाक फिरलं म्हणजे गाडी गेली असं धरून केक खातात. त्याला आतून बरं वाटत होतं. बरेच महिने तसं वाटलं नव्हतं.

सव्वाबाराला पहिला फोटो आला.

काल समोर एक काळा, मधोमध चिरलेला दगड होता. आजही तोच होता, तेवढ्याच अंतरावर, फक्त थोडा वर. दगड वर गेला नव्हता. गाडी खाली गेली होती. दुसरा फोटो पोटाखालच्या कॅमेऱ्याचा. उजवं पुढचं चाक दिसतच नव्हतं. बाकीची आसापर्यंत वाळूत होती.

स्ट्राउट काचेच्या दारातून आत आला, फोटो बघितला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तपासणी बंद कोणी केली?"

त्याला उत्तर नकोच होतं. "मी चालकांवर विश्वास ठेवला," तो म्हणाला आणि पाहुण्यांकडे परत गेला, ओठांच्या कोपऱ्यात नारिंगी साखर तशीच घेऊन. वाहानला तो असाच कॅमेऱ्यांसमोर दिसायला हवा होता. पण बाहेर टीव्हीवाली बाई सामान आवरत होती. तिची बातमी सकाळीच गेली होती. फोटो बघायला कोणी थांबलं नव्हतं. स्ट्राउटचं काही वाकडं झालं नव्हतं.

मारिसोल पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "तुला माहीत होतं."

"हो."

"तुला कारणही विचारलं नसतं कोणी."

"नसतं विचारलं."

"मग?"

त्याच्याकडे खोटी उत्तरं दोन-तीन होती. ती सांगायचाही त्याला कंटाळा आला. "तो तोंडावर पडलेला बघायचा होता," तो म्हणाला.

मारिसोल हळू म्हणाली, "आम्ही तिला पोरगी म्हणतो म्हणून तू आम्हाला मूर्ख समजतोस. समज. पण मूर्खांनी तिला मुद्दाम गाडलं नसतं. ऊठ तिथून."

तो उठला. ती त्याच्या खुर्चीत बसली, फोटो मोठा केला आणि चाकांभोवतीची वाळू मोजायला लागली. तिनं आधी मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. त्यानंही तेच केलं असतं. बाहेर कोणीतरी केकचे उरलेले तुकडे कागदात बांधत होतं.

"उजवं पुढचं चाक शेवटी किती करंट घेत होतं?" तिनं विचारलं. मान वळवली नाही.

त्यानं आकडा सांगितला. पाठ होता. तिनं तो लिहून घेतला आणि पुढचं मोजायला लागली. वाहान खुर्चीमागे उभा राहिला. त्याला जा असं कोणी म्हटलं नाही, आणि बस असंही नाही.