फुकटचा घोडा

चष्मेवाल्याने काचा पुसायच्या फडक्याने पांढरा घोडा पुसला आणि बायकोच्या पुढ्यात, काळ्या प्याद्याच्या तोंडी, फुकट ठेवून दिला. हा डाव साधला तर पदरात काय पडणार, हे त्याने मांडून ठेवलं होतं: रविवारच्या जेवणानंतर साडूचं तोंड बंद. साडू दातांचा डॉक्टर. दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून एकट्याने बोलायची सवय, आणि बुद्धिबळात जिंकल्यावर तर जीभ टाळ्याला लावायचा नाही.

“खा.”

“मी नसता खाल्ला,” बायको म्हणाली.

“ग्रँडमास्टरने खाल्लाय! मग माझा वजीर, मग उंट, आणि राजा उघड्यावर!”

मासिकातला तो जुना डाव आठवडाभर घरात चालू होता. बायको छापलेल्या काळ्या चाली खेळायची आणि रोज हरायची.

“बरं, खाल्ला. पण तिथे ठेवताना हसू नका.”

रविवारी साडूच्या घरी घोडा त्याच जागी बसला. साडूचा हात निघाला, मध्येच थांबला. त्याने चष्मेवाल्याचा चेहरा दाढ तपासावी तसा नीट पाहिला आणि भलतंच प्यादं पुढे सरकवलं.

पुढचं मासिकात नव्हतं. चहा यायच्या आत डाव आटोपला.

“झालं. भरा चूळ,” साडू म्हणाला.

वाटेत चष्मेवाल्याने विचारलं, “तुझ्या ताईपाशी या डावाचं काही बोललीस?”

“बोलायला कशाला हवं? इतक्या वर्षांत भाऊजींना साधी पेन्सिल दिली नाहीत, आणि आज घोडा! तोही हसत.”

घरी पोचताच त्याने पट मांडला.

“आता मासिक बंद. तुझ्या मनाने खेळ.”

तिने घोड्याला हात लावला नाही. बाजूचं प्यादं हलवलं, मग उंट तिरका सोडला, आणि पांढरा वजीर आपल्याच माणसांत अडकला.

“थांब, थांब! हे कुठून सुचलं तुला?”

“रोज हरत होते ना. मार कुठून बसतो ते पाठ झालंय. शह.”

थोड्या वेळाने मातही झाली. चष्मेवाला जिंकल्यासारखा उठला आणि साडूला फोन लावला.

“पुढच्या रविवारी पट तयार ठेवा. माझ्या जागी ही बसेल.”

साडू हसला. बराच वेळ हसला. चष्मेवाल्याने ते सगळं हसणं जमा करून घेतलं. या डावात त्याने मोजलेली किंमत एवढीच: आपली खुर्ची. बाकीची किंमत पुढच्या रविवारी साडूच्या नावावर होती.