दाद देणाऱ्याची सतरंजी

बसा मित्रांनो, पण जरा बेतानं बसा. मी एक जुनी सतरंजी आहे आणि माझ्या अंगात आता पूर्वीसारखा जोर राहिलेला नाही. मधोमध मी इतकी विरले आहे की मला उजेडात धरलं तर पलीकडचं माणूस ओळखू येतं. कडेचे गोंडे उंदरांनी नेले. निळे पट्टे राखाडी झाले, तांबडे विटकरी झाले. तुम्ही म्हणाल, ही म्हातारी फार कुरकुर करते. करणारच की! सगळा जन्म लोकांच्या बुडाखाली काढला म्हणजे तुम्हीही कराल.

सोनपेठच्या आठवडी बाजारात मी दोरीवर टांगलेली होते. उन्हानं जीव नकोसा झाला होता. तिथून मला पंडितबाबा आणि रुख्मिणबाई या नवराबायकोनं घरी आणलं. घर मानवतला, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. पंडितबाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात कामाला होते. माझाही कापूस अशाच कुठल्यातरी यंत्रातून निघाला असणार, म्हणून मला ते पहिल्या दिवसापासून घरचेच वाटले.

घरात काटकसर लय. मुलगा धम्मानंद शिकला पाहिजे, एवढं एकच दोघांनी ठरवलेलं. चहात दूध पाहुण्यापुरतं. अंघोळीच्या साबणाची चिपटी उरली की ती नव्या वडीला चिकटवायची. जुन्या लुगड्याची पिशवी, पिशवी फाटली की फडकं, फडकं फाटलं की चुलीला. शेजारच्या शिवम्मा म्हणायच्या, “रुख्मिण, तुजं घर लय चेंगट गं बाई!”

“चेंगट कामून म्हन्ती?” रुख्मिणबाई हसून विचारायच्या. “आमच्याइतकं फिरतं का कुनी ह्या गल्लीत?”

आणि ते खरं होतं, मित्रांनो. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण या दोघांनी अंथरूणच काखेत मारलं आणि जिल्हाभर हिंडले. परभणीच्या उरुसाला जायचं, पण मोठ्या पाळण्यात बसायचं नाही, पाळणा बघायचा. वरून माणसं किंचाळायला लागली की रुख्मिणबाई खाली माझ्यावर बसून पोट धरून हसायच्या. मग कव्वाली ऐकायची. कृषी विद्यापीठात प्रदर्शन लागलं की तिथले दांडगे भोपळे बघून यायचं आणि आंब्याच्या सावलीत मला टाकून घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खायची. शिवम्मांच्या महादेवाच्या देवळात कीर्तन असलं तरी जागा धरायला मीच. दुपारीच मला मैदानात अंथरून दोघं घरी जायची. आमच्याकडची रीतच आहे, टाकलेली सतरंजी कुणी उचलत नाही. मी एकटी उन्हात पडून राहायचे. कोंबड्या अंगावरून जायच्या, पोरं गोट्या खेळायची, आणि एकदा तर एक शेळी माझ्यावर... जाऊ द्या.

पंडितबाबांचं खरं वेड होतं गाण्याचं. भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला विहारासमोरच्या मैदानात गायनपार्टी यायची. गाणं आवडलं की लोक गायकाला नोट द्यायचे आणि देणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारलं जायचं. पंडितबाबांचं नाव कधी पुकारलं गेलं नाही. ते म्हणायचे, “नोटवाले नोट देतेत. आपल्यापाशी दाद हाय, आपन दाद देऊ. पन फुकट द्यायची न्हाई. बरोब्बर ठिकानावर द्यायची.”

आणि काय दाद होती हो ती! गाणारा ओळ फिरवत फिरवत न्यायचा, ढोलकीचा ठोका समेवर पडायचा, आणि त्याच क्षणी पंडितबाबांचा तळहात माझ्यावर थाडकन आपटायचा. “वा!” माझ्या अंगातली धूळ उडायची. मधोमध मी जी विरले, ती त्या तळहातानं.

राजेश्री नावाची परभणीची एक मुलगी पहिल्यांदा गायला आली तेव्हा तिचा आवाज कापत होता. मागची पोरं हसायला लागली. तिनं कशीबशी ओळ पुरी केली आणि पंडितबाबा ओरडले, “वा पोरी! वा!” पोरं गप्प झाली. तिचा आवाज ताठ उभा राहिला. पुढं तिचं नाव झालं, स्वतःची पार्टी झाली. पण मानवतला आली की ती आधी मैदानात निळी-तांबडी पट्टी शोधायची आणि मगच गायला सुरुवात करायची. पंडितबाबांना याचा किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू! घरी येऊन ते रुख्मिणबाईंना म्हणायचे, “बघितलंस? माझ्याकडंच बघायली ती.”

पण जिनिंगची ती यंत्रं दिवसभर कानाशी धडधडायची. त्यांनी हळूहळू पंडितबाबांचे कान खाल्ले. ते रुख्मिणबाईंना थोडं माहीत होतं. किती, ते माहीत नव्हतं, कारण पंडितबाबा लपवण्यात हुशार. ते शेजारच्यांच्या माना बघायचे. माना डोलल्या की यांची दाद. मला मात्र कळत होतं. हात माझ्यावर पडायचा तो जरा उशिरा पडायचा. मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं.

मग ती जयंती आली. गायनपार्टीत बाजाची पेटी वाजवणारे जुने किशनराव थोड्याच दिवसांपूर्वी वारले होते. पंडितबाबांचे ते जिवाभावाचे दोस्त. मातीला पंडितबाबा गेले होते, लहान मुलासारखे रडले होते. त्या संध्याकाळी राजेश्रीनं गाणं मधेच थांबवलं आणि माईकवरून सांगितलं, “आपल्या किशनकाकांना श्रद्धांजली म्हणून सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहावं.” सगळं मैदान उभं राहिलं.

पंडितबाबांना एक शब्द ऐकू आला नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच, की गाणं संपलं आणि अख्खं मैदान उठून उभं राहिलं. त्यांना वाटलं, गाणं असं रंगलं की लोक उठून दाद देऊ लागले! मग ते मागं राहतील का? ते उठले, हात वर केला आणि त्या शांततेत ओरडले, “वाहवा! क्या बात है! आनखी एकदा होऊ द्या!”

अरेरे! सगळ्या माना वळल्या. कुणीतरी म्हणालं, “पिऊन आलाय का काय ह्यो?” त्या माणसानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. रुख्मिणबाईंनी त्यांचा सदरा ओढून खाली बसवलं आणि पाटीवर खडूनं लिहावं तसं त्यांच्या तळहातावर बोटानं लिहिलं, ‘किशनराव’. पंडितबाबांचा चेहरा मला अजून दिसतो. कार्यक्रम चालू असतानाच त्यांनी मला गुंडाळलं आणि घरी आणून लोखंडी पेटीवर टाकलं.

“आता बास,” ते म्हणाले. “माझ्या दोस्ताच्या मातीवर मी वाहवा म्हनलो. मी पुन्हा मैदानात पाय ठेवनार न्हाई.”

आणि खरंच ठेवला नाही. किती सण आले, किती गेले. धम्मानंद आता नांदेडला नोकरीला आहे. त्यानं कानात घालायचं मशीन आणलं. पंडितबाबांनी ते लावलं आणि लगेच काढलं. त्यातून नुसती जिनिंगची धडधड येते म्हणाले. मुलानं मोठा टीव्ही आणला. त्यावर माणसं तोंड हलवतात तेवढी दिसायची. शिवम्मा बोलवायला आल्या की रुख्मिणबाई म्हणायच्या, “पाय दुखायलेत गं.” पाय कुठले दुखतात! त्या मला एकदा हळूच म्हणाल्या, “एकलीनं जाऊन गानं ऐकू कसं, सांग तू?” पेटीवर पडल्या पडल्या मला कंटाळा आला होता. रात्री उंदीर यायचे. पूर्वी मी दमायचे ती लोकांच्या ओझ्यानं. आता रिकामी राहून दमले, आणि हा थकवा जास्त वाईट, मित्रांनो. त्या घरात पूर्वी खायला कमी असलं तरी हसायला कमी नव्हतं. आता सगळं पुरेसं होतं आणि दोन माणसं दोन भिंतींना टेकून बसायची.

एका दुपारी रुख्मिणबाई ज्वारी निवडत होत्या. निवडता निवडता एक जुनं गाणं गुणगुणत होत्या आणि बोटांनी माझ्यावरून पेटीवर ठेका धरत होत्या. पेटीच्या दुसऱ्या बाजूला पंडितबाबा पाठ टेकून बसले होते, तोंड दाराकडं. रुख्मिणबाईंचा हात थांबला.

“थांबलीस कामून?” पंडितबाबा म्हणाले.

रुख्मिणबाईंच्या हातातलं सूप कलंडलं. त्यांनी पुन्हा ठेका धरला. पंडितबाबांची मान हलली. रुख्मिणबाईंनी चाल बदलली, तसा मानेचा डोलही बदलला. ठोका त्या पत्र्यातून, माझ्या अंगातून त्यांच्या पाठीत जात होता. रुख्मिणबाई पदर तोंडात धरून हसल्या आणि मग त्यांना रडू आलं. ज्वारी सगळी जमिनीवर सांडली होती आणि ती भरायचं कुणाला सुचलं नाही.

बुद्धपौर्णिमेला राजेश्रीची पार्टी येणार होती. विहारासमोर लाकडी तख्त जोडून स्टेज केलं होतं. दुपारी रुख्मिणबाई तिला जाऊन भेटल्या आणि सगळं सांगितलं.

“बाई, आमची सतरंजी तुमच्या स्टेजवर टाकू देता का? ढोलकीच्या बाजूला, कोपऱ्यात.”

“काकू, हे इचारायचं असतं का?” राजेश्री म्हणाली. “मी कवापासून ती पट्टी हुडकायलेय. मला वाटलं, काकांना माझं गानं आता आवडत न्हाई.”

संध्याकाळी रुख्मिणबाईंनी मला काखेत मारलं आणि चालू लागल्या. मला उचलायचं काम कायम पंडितबाबांचं. बायको ओझं घेऊन एकटी चालली हे बघून ते चपला घालून मागं आले. “कुठं जायलीस? आगं, दे इकडं ती! मी बसनार न्हाई हां तिथं, नुसती नेऊन देतो.” रुख्मिणबाई थेट स्टेजवर चढल्या आणि मला ढोलकीशेजारी अंथरलं. पंडितबाबा खालीच उभे. लोक बघत होते. मागच्या वेळी ‘पिऊन आलाय’ म्हणणारेही होते. पंडितबाबांचे पाय मागं वळायला लागले, तेव्हा ढोलकीवाला सिद्धोधन उठला आणि “जयभीम काका” म्हणून त्यांना हात धरून वर घेतलं. ते अवघडून बसले, लोकांकडं पाठ करून. रुख्मिणबाईंनी त्यांचा तळहात धरला आणि माझ्यावर, त्या विरलेल्या जागी, दाबून ठेवला.

गाणं सुरू झालं. ढोलकीचा पहिला ठोका तख्तातून माझ्यात आला. पंडितबाबांची बोटं आखडली. दुसरा आला, तिसरा आला. त्यांनी चमकून रुख्मिणबाईंकडं पाहिलं. त्यांचे डोळे मोठे झाले होते. मग त्यांनी डोळे मिटून घेतले, कुणाच्याही माना न बघता.

राजेश्रीनं ओळ उचलली. फिरवली, परत फिरवली, वर नेली. आणि ढोलकी थांबली. सगळं एकदम शांत. अशाच शांततेत त्या दिवशी घात झाला होता! पंडितबाबांचा हात वर उचलला गेला आणि तसाच राहिला. ते थांबले. ढोलकी समेवर पडली, आणि तळहात माझ्यावर थाडकन आपटला.

“वा पोरी!”

बरोब्बर ठिकाणावर! अगदी केसाइतकंही मागंपुढं नाही. मैदानभर टाळ्या पडल्या. राजेश्रीला पुढची ओळ सुचेना. ती माईक हातात धरून रडत होती आणि सिद्धोधन हसत हसत नुसती ढोलकी वाजवत होता. माझी पेटीवर साचलेली सगळी धूळ उडाली, मला खोकला आला असता, पण मी तक्रार केली नाही.

गेल्या महिन्यात धम्मानंद आला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, “आई, ही फेकून दे आता. मी फोमची जाड गादीच आणतो. बाबांना बसायला मऊ.”

“आन की. घरात टाकू,” रुख्मिणबाई म्हणाल्या. “पन स्टेजवर हीच. जाड असली की ठोका वर येत न्हाई रे. ही विरली म्हनून तुज्या बाबाला गानं कळतंय.”

मित्रांनो, जन्मभर मी या विरण्याचं दुःख करत बसले होते. तेव्हा आता एक मागणं मागते. माझ्यासारखं काही तुमच्या घरात पडलं असेल तर ते फेकण्याआधी एकदा झटका, उन्हात टाका, उंदरांपासून जपा. आणि गल्लीत गाणं असताना एखादे आजोबा घरात भिंतीला टेकून बसलेले दिसले तर त्यांना गर्व चढला असं समजू नका. त्यांचा हात धरून त्यांना घेऊन या. माझ्यावर कोपऱ्यात अजून एका माणसाची जागा आहे. फक्त बेतानं बसा म्हणावं, दमले आहे मी.