सातवं माणूस

"सहा झाले. सातवं कुणी आहे?" सभापती एल्डन हेझननं चष्म्यावरून सभागृहभर नजर फिरवली.

मी स्वयंपाकघराच्या दारात एप्रनला हात पुसत उभी होते. मार्चचा पहिला मंगळवार, गावसभा. विषय क्रमांक नऊ: गावची शाळा बंद करून मुलांना बसनं खालच्या गावी पाठवायचं का? त्या शाळेत मी शिकले आणि पुढे एकतीस वर्षं तिथंच पोरांना जेवू घातलं. अमेरिकेत, व्हरमाँट राज्यातल्या आमच्या गावात मत हात वर करून देतात, सगळ्यांदेखत. पण सात जणांनी उभं राहून मागणी केली, तर गुप्त चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.

उभे होते ते सहाही तळ्याकाठचे नवे बंगलेवाले. त्यांचं काय घेऊन बसता! सातवं माणूस त्यांना मिळणार नव्हतं. महिनाभर मी बर्फ तुडवत घरोघर फिरले होते आणि माझ्याबरोबर विनी होती, पहिलीपासून माझ्याच बाकावर बसणारी. सकाळी बटाटे सोलताना तीच म्हणाली होती, "लिओना, उगाच जीव काढू नकोस. तुझ्या तोंडावर शाळेविरुद्ध हात वर करायची छाती आहे का कुणाची?"

तिसऱ्या रांगेत खुर्ची वाजली. विनी उभी राहिली.

मला वाटलं, तिला शाळेच्या बाजूनं बोलायचं असेल. एल्डनलाही तसंच वाटलं.

"बोल, विनी."

"बोलायचं नाहीये," ती खाली बघत म्हणाली. "मोज मला."

चिठ्ठ्या पडल्या. बंद करा एकाहत्तर, चालू ठेवा अडतीस. मला तोंडभरून 'हो' म्हणणारेच ऐंशीच्या वर होते. मेल्यांनी घरात बसवून, कॉफी पाजून 'हो' म्हटलं होतं!

मग जेवणाची सुट्टी झाली. बीन्स, हॅम, बटाटे, पाव. रांगेतलं कुणी मान वर करेना. मी वाढत राहिले. विनीचं ताट पुढं आलं.

"शाळेच्या खर्चापायी वाढलेली घरपट्टी झेपत नाही गं आता," ती पुटपुटली. "घर विकावं लागेल मला."

"मग मला सांगायचंस! माझ्यासमोर हात वर करायचास. शिव्या घातल्या असत्या मी, आणि संध्याकाळी तुझ्याकडेच कॉफीला आले असते."

"तुझ्यासमोर नसतं जमलं."

"आणि गावाला आडोसा द्यायला बरं उभं राहता आलं!"

मी तिला बीन्स वाढले, सगळ्यांना वाढले तेवढेच.

सभेनंतरची भांडी दरवर्षी आम्ही दोघीच करतो. मी घासते, ती पुसते. चाळीस वर्षं झाली असतील. त्या दिवशीही ती फडकं घेऊन मोरीपाशी येऊन उभी राहिली. मी एकेक ताटली विसळली आणि तिच्या हातात न देता जाळीवर उभी करत गेले, आपोआप वाळायला. शेवटची ताटली ठेवली तेव्हाही ती तिथंच होती. फडकं तिच्या हातात तसंच होतं, घडी न मोडलेलं, कोरडं.