रेघ वाकत नाही

मित्रांनो, मी एक जुना लाकडी टी-स्क्वेअर आहे. इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या पोरांच्या खांद्यावर पूर्वी आडव्या डोक्याची लांब पट्टी दिसायची ना, तीच माझी जात. डोकं फळीच्या कडेला टेकवायचं आणि माझ्या आधाराने सरळ रेघ ओढायची, एवढंच माझं काम.

माझ्या मालकाची आई शिवणकाम करायची. मला घरी आणलं त्याच दिवशी तिने फुलाफुलांच्या चादरीची मला खोळ शिवली. "ऊन लागलं की लाकूड वाकतं," म्हणाली. लेक पहिला आला, तेव्हा आळीभर सांगत सुटली, "माझ्या लेकाची रेघ वाकत नाही!"

पुढे तो निवडणुकीला उभा राहिला. सभेत कुणीतरी ओरडलं, "ओ इंजिनिअर, इथं तुमचं काय काम?" त्याने मला उंच धरलं. "आजवर बोलणारे निवडलेत, आता मोजणारा निवडा!" लोक भाळले. तो नगराध्यक्ष झाला.

मग मोठा रस्ता निघाला. भर सभेत त्याने नकाशावर मला टेकवून रेघ ओढली. ती थेट आईच्या आळीवरून गेली. सख्ख्या आईचंही घर सोडलं नाही म्हणून काय टाळ्या पडल्या!

शेजारची इस्त्रीवाली आईपाशी आली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. "मावशी, तुम्ही सांगा ना त्याला. चार हात रेघ सरकली तर काय बिघडतं? यांना उचलून नेऊ कुठे?"

"माझ्या लेकाची रेघ वाकत नाही, बाई. मी माझं घर सोडतेय, तुझं काय घेऊन बसलीस?"

आळी पाडली. इस्त्रीवालीचा नवरा पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्याच उन्हाळ्यात गेला.

आणि रस्ता पक्षाध्यक्षांच्या वखारीपाशी पोचला. तिथे तो वळला, बाहीचा मुंढा कापावा तसा, अगदी सुबक.

आई त्याच्या कार्यालयात आली. मी खुर्चीमागे खोळीसकट टांगलेला. पाहुण्यांना तो मला आईची माया म्हणून दाखवायचा.

"वखारीपाशी का रे वळलास?"

"तिथे जमीन भुसभुशीत आहे, आई. तांत्रिक कारण आहे, तुला नाही कळायचं."

"आणि आमच्याकडे घट्ट होती होय?"

त्याने घड्याळ पाहिलं. "बाहेर लोक थांबलेत गं."

उघड्या दाराशी, रांगेत पुढेच इस्त्रीवाली बसली होती. ती हळूच म्हणाली, "वाकते की हो, मावशी."

आईने मला खाली काढलं, निजल्या पोराचा सदरा उतरवावा तशी खोळ उतरवली, घडी करून काखेत घेतली. "एवढी नेते," म्हणाली. मला तिथेच ठेवून गेली.

इंजिनिअर चांगला पुढारी होतो का, असं मला पुष्कळजण विचारतात. होतो की! रेघ कुठे ओढायची हे त्याला शिकवलेलं असतं. कुठे नाही, ते तो आपलं आपण शिकतो, आणि त्यालाही कारण तयार असतं.

मित्रांनो, तुमच्याकडे अशी एखादी पट्टी असेल तर तिला जपा, झाकून ठेवा. मी हल्ली खिडकीत उन्हात पडून असतो. थोडा वाकलोय. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. सरळ रेघ इथे कुणाला लागतच नाही.